अनुभव धागा : स्वरतंतूंवरच्या साध्या गाठी

आवाज बसला की आधी ज्येष्ठमध, मग खडीसाखर, मग अँटिबायोटिक, आणि दुर्बिणीची तपासणी सगळ्यात शेवटी. स्वरतंतूंवरच्या, कर्करोगाच्या नसलेल्या गाठींवर रोज काम करणाऱ्यांनी इथे लिहावं : काय दिसतं, काय करता, कुठे बिनसतं. औषधाची चिठ्ठी कुणी मागू नये, कुणी देऊ नये.

कंठमणी (कान-नाक-घसा तज्ज्ञ)

नुसतं ‘गाठ आहे’ कळून भागत नाही. कोणती गाठ, यावर पुढचं सगळं ठरतं.

नोड्यूल जोडीनं येतात, दोन्ही तंतूंवर समोरासमोर, पुढचा एक तृतीयांश भाग संपतो तिथे. थरथरणाऱ्या भागाचा तो मध्य, त्यामुळे तंतू एकमेकांवर आपटण्याचा जोर तिथेच सर्वांत जास्त. बोलताना बाईचे स्वरतंतू सेकंदाला साधारण २०० वेळा एकमेकांना भिडतात, पुरुषाचे १०० ते १२५ वेळा. कुदळ धरणाऱ्या तळहाताला घट्टे पडतात, तसेच हे. शिक्षिका, गायिका आणि आरडाओरडा करणारी मुलं यांच्यात जास्त.

पॉलिप बहुधा एकाच बाजूला. ओरडताना बारीक रक्तवाहिनी फुटून रक्त साकळतं आणि त्यातून तो तयार होऊ शकतो. देठावर लोंबत असेल तर श्वासाबरोबर वरखाली होतो, म्हणून एक वाक्य स्वच्छ आणि दुसरं फाटलेलं येतं. सिस्ट म्हणजे तंतूच्या अस्तराखालची पिशवी. ती फसवते, कारण तिच्या घर्षणानं समोरच्या तंतूवरही उंचवटा येतो आणि साध्या दुर्बिणीत ते नोड्यूलच वाटतात. मग महिनोन्‌महिने आवाजाचे व्यायाम होतात आणि सिस्ट जागच्या जागी.

हा फरक स्ट्रोबोस्कोपीत कळतो. आवाजाच्या कंपनापेक्षा किंचित वेगळ्या गतीनं प्रकाश लुकलुकतो, त्यामुळे तंतूंची हालचाल संथ दिसते. नोड्यूलवरून अस्तराची लाट सहसा पुढे जाते, सिस्टपाशी ती अडते किंवा मंदावते. ताठ दुर्बीण तोंडातून घालतात, जीभ गॉजनं धरतात आणि ‘ई’ म्हणायला लावतात. घसा बधिर करणारा फवारा मारला असेल तर बधिरपणा जाईपर्यंत काही खाऊ-पिऊ नका, ठसका लागतो.

सिगारेट-विडी ओढणाऱ्यांत दोन्ही तंतू पाणी भरल्यासारखे सुजतात, आवाज इतका जाड होतो की फोनवर बाईला ‘साहेब’ म्हणतात. विडी सुटली नाही तर काढलेली सूज परत येते. ग्रॅन्युलोमा (चिडलेल्या जागी वाढलेला मांसाचा गोळा) मागच्या बाजूला, कूर्चेवर येतो. सतत खाकरणं, घशापर्यंत येणारं आम्ल किंवा भूल देताना घातलेली नळी ही त्याची कारणं. त्याला कापण्याची घाई करू नये; मूळ कारण दूर केल्याशिवाय तो पुन्हा उगवतो. एचपीव्ही ६ आणि ११ या विषाणूंमुळे येणारे पॅपिलोमाही (चामखिळीसारख्या वाढी) वारंवार येतात.

घोगरेपणा तीन-चार आठवडे टिकला तर दुर्बीण हवीच. तंबाखूची सवय, धाप, थुंकीत रक्त, मानेत गाठ किंवा गिळताना दुखणं यातलं काही असेल तर तेवढंही थांबू नका.

झुळूक (स्वरोपचारतज्ज्ञ)

नोड्यूलमध्ये पहिला उपचार आवाजाच्या व्यायामाचा. आठवड्याला एक भेट धरली तर बहुधा सहा ते आठ आठवडे लागतात.

सुरुवातीला एक सोपी चाचणी. पूर्ण श्वास घेऊन ‘स्’ जमेल तितका लांबवायचा, मग ‘झरा’मधला ‘झ्’ (‘झेंडा’मधला नव्हे) जीभ न टेकवता तसाच लांबवायचा. निरोगी घशात दोन्हींचे सेकंद जवळपास सारखे. ‘स्’ २० आणि ‘झ्’ १३ आला तर गुणोत्तर दीडच्या वर, १.४ ओलांडलं की तंतू नीट मिटत नसावेत अशी शंका घ्यायची. दोन्ही कमी आले तर प्रश्न श्वासाचा असू शकतो. यानं निदान होत नाही, दिशा कळते.

नळीचा व्यायाम असा : सुमारे ३५ सेंमी लांब, ९ ते १२ मिमी व्यासाची मऊ सिलिकॉनची नळी, अर्धी भरलेली पाण्याची बाटली. नळीचं टोक पाण्यात दोन-तीन सेंमीच बुडवायचं, ओठ नळीभोवती मिटायचे, गाल सैल सोडायचे आणि ‘ऊ’ काढत बुडबुडे आणायचे. दोन-तीन मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. तोंडातल्या उलट दाबामुळे तंतू कमी आपटतात. इथे दोन गोष्टी बिनसतात. लोक नुसती फुंकर मारतात, आवाजच काढत नाहीत. गळ्यावर बोटं ठेवा, थरथर लागलीच पाहिजे. दुसरं, नळी खोल घालून जोर करतात आणि मान ताठते.

नंतर ‘म्’चं गुणगुणणं, ओठांवर गुदगुल्या होतील इतकं हलकं, आणि त्यातूनच शब्दांकडे : ‘मामा’, ‘मनीमाऊ’. हा दुवा जोडला नाही तर व्यायाम उत्तम आणि बोलणं जुनंच राहतं.

मिठाच्या गुळण्या तंतूंपर्यंत पोचत नाहीत, पोचल्या तर ठसका लागेल. खाकरावंसं वाटलं की पाण्याचा घोट घ्या. घसा ताणून कुजबुजू नका, हळू आवाजात बोला.

तानपुरा (गायनशिक्षण)

तार षड्ज (वरचा सा) अगदी बारीक आवाजात लावून पाहा. जोर केल्यावर लागतो पण हलका लावला की नुसती हवा येते, तर तंतूंवर सूज असण्याची शक्यता बरीच. मोठ्यानं गाताना हे झाकलं जातं, म्हणून रोज सकाळी हलकाच तपासावा.

पट्टीचा हट्ट सोडा, ही कळकळीची विनंती. काळी चार (पेटीवरची उंच पट्टी) शोभते म्हणून पांढरी तीनच्या, म्हणजे खालच्या पट्टीच्या मुलीला तिथे ओढायचं, स्पर्धेसाठी तर आणखी वर, यानं गळे जातात. गाता गाता आवाज एकाएकी गेला तर तिथेच थांबा, मौन धरा आणि लगेच दाखवा. आत रक्तस्राव असू शकतो. कार्यक्रमाआधी अंगदुखीसाठी मनानं अ‍ॅस्पिरिन घेऊ नका, त्यानं ती शक्यता वाढते. ब्रिटिश गायिका अडेल यांनी अशाच रक्तस्रावानंतर २०११ मध्ये दौरा रद्द करून बोस्टनला शस्त्रक्रिया करून घेतली आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये त्या पुन्हा मंचावर गायल्या.

पाटीपेन्सिल (शिक्षक-प्रशिक्षण)

वर्ग शांत करायला टाळी किंवा घंटा, आवाज नव्हे. फळ्याकडे तोंड करून बोलू नये. मोठ्या वर्गात कमरेला लावायचा छोटा ध्वनिवर्धक घ्या, माइक तोंडाजवळ ठेवा. सलग दोन तासिकांनंतर एक लेखनाची.

निद्रा (भूलतज्ज्ञ)

शस्त्रक्रियेबद्दल थोडं. पूर्ण भूल देऊन एरवीपेक्षा बारीक, ५ ते ६ मिमीची नळी घालतात, म्हणजे सर्जनला जागा मिळते. तोंडातून धातूची नळी बसवून सूक्ष्मदर्शकाखाली काम चालतं. हलणारा दात किंवा कॅप असेल तर आधी सांगा. जीभ दाबली गेल्यानं काही दिवस बधिरपणा किंवा चवीत फरक राहू शकतो.

कंठमणी

निद्रा मॅडमनी सांगितलं त्यात भर. सिस्ट काढताना अस्तराचा पातळ पडदा उचलून, पिशवी सोडवून, पडदा परत बसवायचा. खालच्या स्नायुबंधाला धक्का लागला तर व्रण राहतो आणि आवाज कायमचा कडक होतो. ‘सगळं साफ करा’ असा आग्रह म्हणूनच धरू नये. काढलेला तुकडा तपासणीला गेलाच पाहिजे, अहवाल मागून घ्या.

झुळूक

शस्त्रक्रियेनंतर साधारण ५ ते ७ दिवस मौन. सर्जन सांगतील ते पाळा. मग पहिल्या दिवशी तासाला पाचेक मिनिटं हलकं बोलणं, त्यात नळीचा व्यायाम, आणि दर दोन-तीन दिवसांनी थोडी वाढ. गाणं साधारण सहा आठवड्यांनंतर, तेही स्ट्रोबोस्कोपी पुन्हा करून, मध्य सप्तकातच. मौनात पाटी किंवा फोनवर लिहा. घरात कुणी फार बोलकं असेल तर त्यांना आधीच सांगून ठेवा.