तुमच्या ग्रामपंचायतीचं एखादं काम, जे तुमच्या घरापर्यंत पोचलं

गोदाकाठ
काल भावाने घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. आमच्या आळीतली उघडी गटार बुजवली, घरोघरी सांडपाणी जमिनीत मुरवणारे शोषखड्डे झाले. बघितलं आणि गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाचे, म्हणजे गावागावांतल्या स्वच्छतेच्या स्पर्धेचे, दिवस डोळ्यांपुढे आले. 2000-01 ला ते सुरू झालं तेव्हा मी शाळेत होते. तपासणी समिती येणार म्हणून आदल्या रात्री गॅसबत्त्या लावून अख्खी आळी झाडत होती. हेडमास्तर धोतर खोचून गटारीत उतरलेले, आजी दारोदार "सारवायचं राहिलं का गं कुणाचं?" विचारत फिरतेय. नंबर आला नाही. पण उकिरडे गावाबाहेर गेले ते गेलेच.

पाणी, स्वच्छता, झाडं, म्हातारीकोतारी, शाळा, कशाबद्दलही लिहा. तक्रारी असतील तर त्याही.

माळरान
शोषखड्ड्याला आमच्याकडे आधी कुणी तयारच नव्हतं, "पाणी घराच्या पायात मुरेल, भिंत खचेल" म्हणायचे. मग भिंतीपासून लांब खणले. चार फूट लांब, रुंद, खोल. तळाला मोठे दगड, वर लहान, मधे भोकं पाडलेली टाकी. मोरीचं पाणी आधी छोट्या चेंबरमध्ये पडतं, खरकटं आणि साबणाचा थर तिथेच अडतो. तो चेंबर साफ करत राहायचं, नाहीतर खड्डा चोंदतो. आई आता अंगणात खाट टाकून झोपते, मच्छरदाणीशिवाय!

कडुलिंब
पैसे कुठून आणले पण? आमच्याकडे विचारलं की "निधी नाही".

निवांत
@कडुलिंब, 2021-26 साठीच्या 15व्या वित्त आयोगाच्या ग्रामपंचायत निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखलेला. आराखडा ग्रामसभेत मांडावा लागतो. मागा, वाचून दाखवायला लावा.

साळुंकी
ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. आमच्या गावात हे कुणाला ठाऊकच नव्हतं. धाकट्या भावाचा पाय पोलिओने अधू आहे. तो ग्रामसभेत उठला आणि विचारलं. उत्तर "बघू". मग दर सभेला उठायचा, तोच प्रश्न. लोक कंटाळायचे, काहीजण हसायचेही. शेवटी लाभार्थ्यांची यादी लागली. त्या मदतीतून त्याने छोटी गिरणी घेतली, आता अर्धी आळी दळण घेऊन त्याच्याकडे येते. कुकर लावलाय, बाकी नंतर लिहिते.

निवांत
भावाला नमस्कार सांगा ताई. दळणावरून आठवलं, छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्यात ग्रामपंचायतीने कर भरणाऱ्यांना दळण फुकट द्यायला सुरुवात केली होती. वसुलीसाठी घरोघर फिरायचा त्रास वाचला.

शेवंती
मे 2022 मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने विधवा प्रथा बंदीचा ठराव केला. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी काढायची नाहीत. नंतर आमच्या महिला सभेत तो वाचला आणि ग्रामसभेत आमचाही झाला. तेव्हा वाटलं होतं, कागदावरच राहील.
पुढे दीर गेले. जाऊ भिंतीला टेकून बसली होती. भावकीतली एक म्हातारी रीतीप्रमाणे तिचा हात ओढायला पुढे झाली, तर सासूबाईंनी तिचं मनगट धरलं. "ठराव झालाय आपला." पोटचा मुलगा दारात ठेवलेला आणि ही बाई हे बोलली. जावेच्या हातात आजही हिरव्या बांगड्या आहेत.

गोदाकाठ
शेवंती, बराच वेळ काही सुचलंच नाही. सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

साळुंकी
रडवलंत.

पाटीपेन्सिल
सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचा भोंगा आठवतोय का? 2022 मध्ये त्यांनी संध्याकाळी सातला भोंगा वाजला की टीव्ही-मोबाइल बंद, असं सुरू केलं. ते बघून आमच्याकडेही केलं. मुलं खरंच अभ्यासाला बसायची, आम्ही शिक्षक चक्कर मारायचो. परीक्षा झाल्या आणि बंद पडलं. परत सुरू व्हावं असं फार वाटतं. जूनच्या आधी सरपंचांना भेटणार आहे.

कडुलिंब
माझी तक्रारच आहे. दर पावसाळ्यात तेच खड्डे, नवी रोपं, हार, फोटो. उन्हाळ्यात घागरभर पाणी घालायला कुणी नाही. यंदा मात्र बचत गटाच्या बायकांना झाडं वाटून दिली आणि ती जगवायची मजुरी रोजगार हमीतून मिळतेय. निम्म्याहून जास्त हिरवी आहेत. उरलेली बकऱ्यांनी खाल्ली.

माळरान
करंज लावा. बकरी सहसा त्याला तोंड लावत नाही.

कडुलिंब
खरं? कुंपणाचा खर्चच वाचला की. रोपं कुठे मिळतील?

माळरान
रोपं कशाला, शेंगा वाळल्या की बिया काढा. रात्रभर पाण्यात भिजवा आणि पिशवीत पेरा, रोपं तुमचीच. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतही विचारा.

शेवंती
माझ्या दारात दोन मोठे करंज आहेत, बियांचा सडा पडतो. कुणाला हव्या असतील तर व्यक्तिगत निरोप करा, पाठवते.

कडुलिंब
केला ताई. डबाभर चालतील.