आयर्लंडचे फिरते पत्रेकारागीर: कोणी सांगेल का?

पुस्तकवेडी, पुणे
१९३७ ते ३९ दरम्यान आयर्लंडच्या शाळकरी मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांकडून ऐकून वह्यांत उतरवलेल्या आठवणी वाचतेय. गावात फिरून येणाऱ्या लोकांबद्दल बरंच लिहिलंय. हे रोमा का? आणि करायचे काय?

गॉलवेवासी
रोमा नाहीत, ताई. मूळचे आयरिशच. त्यांना ट्रॅव्हलर म्हणतात, त्यांचा स्वतःचा शब्द मिन्केरी. 'टिंकर' हे नाव पत्र्याच्या ठोकाठोकीवरून पडलं, पण आता ते शिवीसारखं लागतं, कृपया वापरू नका. १ मार्च २०१७ ला सरकारने त्यांना वेगळा वांशिक समाज म्हणून मान्यता दिली. फार उशीर झाला, असं मला मनापासून वाटतं.

मी ज्या आजींकडे भाड्याने राहते त्यांच्या स्वयंपाकघरात या ट्रॅव्हलरांच्या हातचा एक पत्र्याचा पेला आहे. बाजूवरून बोट फिरवलं की दुमडलेली शिवण लागते. काठात तार गुंडाळलीय, म्हणून ओठ कापत नाही. कान डाख देऊन बसवलाय, डाखाचा एक थेंब ओघळून तसाच गोठलाय. आजींचे वडील गळक्या बादल्या, दुधाचे कॅन गोठ्याशी जमवून ठेवायचे, ट्रॅव्हलर दुरुस्तीला येईपर्यंत.

सदाशिव_क
म्हणजे आपले कल्हईवालेच की! पैसे किती घ्यायचे?

गॉलवेवासी
दादा, कल्हईवाले जुन्या भांड्याला कथील लावतात, हे लोक नवं भांडंही घडवायचे. पैसा कमीच. बटाटे, पीठ, अंडी, गाढवाला गवत. बायका टोपलीत सुया, टाचण्या, फण्या, बुटाच्या नाड्या घेऊन दारोदार जायच्या. त्यांना भिकारी म्हणणारे हा हिशेब विसरतात. घोड्यांचा व्यापार वेगळाच. बॅलिनस्लोची ऑक्टोबरातली घोड्यांची जत्रा अजून भरते, त्यांच्यातले खूप जण येतात.

पुस्तकवेडी
मग थांबलं कशाने?

गॉलवेवासी
मुख्य म्हणजे प्लास्टिकच्या बादलीने. १९५०-६० च्या दशकांत ती घरोघर आली. गळली की फेकायची, डाख कोण देणार? पाठोपाठ १९६३ चा सरकारी अहवाल आला. त्यांचं फिरणं हीच अडचण, त्यांना एका जागी बसवा, असा त्याचा रोख.

आजी त्या पेल्याने अजून कोंबड्यांचं खाद्य मोजतात. त्यांना विचारून उद्या फोटो टाकते.