रोही पाहाले तिकीट?

प्रेषक: कार्यक्रम समिती
विषय: मार्चची कौटुंबिक सहल

मंडळी, नमस्कार.

यंदाची सहल मार्चच्या दुसऱ्या शनिवारी, टेक्सासातल्या ग्लेन रोझच्या फॉसिल रिम या वन्यप्राणी केंद्राला. डॅलसहून साधारण दीड तास. सुमारे १८०० एकरांचं रान आहे. बरेचसे प्राणी मोकळे फिरतात आणि आपण आपापल्या गाडीत बसून त्यांच्यातून जायचं. जिराफ, झेब्रे, काळवीट रस्त्याला येतात. चित्ते आणि गेंडे मात्र कुंपणाआड. तिकिटं वेळ ठरवून ऑनलाइन काढावी लागतात, म्हणून संक्रांतीच्या आत किती माणसं आणि किती गाड्या ते कळवा. गेल्या वेळेसारखं शुक्रवारी रात्री अकराला "आम्हीही येतो" नको.

---

प्रेषक: पुणेकर वहिनी
विषय: उत्तर: मार्चची कौटुंबिक सहल

आम्ही पाच जण, एक गाडी. सासूबाईंचे गुडघे दुखतात, फार उतरचढ नाही ना? घरचा डबा खायला जागा आहे का? आणि तुमच्या आमंत्रणपत्रिकेवर "एक्झॉटिक प्राणी" लिहिलंय, ते नेमके कोणते? धाकट्याला आधी चित्रं दाखवून ठेवते, नाहीतर तो सिंहासाठी भोकाड पसरेल.

---

प्रेषक: कार्यक्रम समिती
विषय: उत्तर: उत्तर: मार्चची कौटुंबिक सहल

वहिनी, साधारण अर्ध्या वाटेवर टेकडीवर थांबा आहे. स्वच्छतागृह, खाणं, सगळं तिथे. बाकी वेळ गाडीतच बसायचं असल्यामुळे सासूबाईंना त्रास नाही. सिंह नाही, हे आजच सांगून ठेवा. आणि टेक्सासात बाहेरून आणलेला खुरांचा कुठलाही प्राणी "एक्झॉटिक"च. ऑरिक्स, काळवीट, चितळ, नीलगाय वगैरे.

---

प्रेषक: यवतमाळवाला (सध्या मुक्काम गावी)
विषय: नीलगाय वगैरे

समितीच्या त्या "वगैरे"वर मला बोलायचं आहे.

हा मेल मचाणावरून लिहितोय. आमच्या वावरात मोबाइलला रेंज जमिनीवर येत नाही, मचाणावर चढलं की येते. रात्रीचा साडेबारा झालाय. थंडीनं बाबांना खोकला धरलाय, त्यामुळे या आठवड्याची जागल, म्हणजे पिकाची रात्रीची राखण, माझ्या वाट्याला आली. एका अंगाला हरभरा, दुसऱ्या अंगाला शेंगांवर आलेली तूर. माझ्याजवळ एक बॅटरी, एक रिकामा डबा, एक काठी. शेजारच्या वावरात कुंपणाला विजेचा झटका देणारी झटका मशीन आहे, ती टिक टिक करत असते आणि त्यामुळे सगळे रोही आमच्याकडे वळतात.

रोही म्हणजेच समितीची नीलगाय. वहिनी, धाकट्याला चित्र दाखवणार असाल तर नराचं दाखवा. घोड्याएवढा निळसर करडा, गळ्याखाली केसांचा झुपका, पायांच्या मनगटांवर पांढरे पट्टे. दिसायला राजबिंडा, यात वाद नाही. काल पहाटे लेकीला घेऊन बांधावर गेलो होतो. तिथे टोपलीभर लेंड्यांचा ढीग. रोही रोज त्याच जागी येऊन घाण करतो, त्यामुळे ढीग वाढतच जातो. पुढे हरभऱ्याच्या सात-आठ ओळींचे शेंडे साफ. लेकीनं उरलेल्या रोपाला हात लावला आणि बोट चाटलं. दवात उतरलेली आंब लागली तशी तोंड वेडंवाकडं करून म्हणाली, "हे त्यांना आवडतं?"

कुंपणाला आईच्या, काकूच्या, आत्याच्या जुन्या साड्या बांधल्यात. इकडे गावोगाव तेच दिसतं. लेकीला वाटलं कुणाचं तरी लग्न आहे. पहिली दोन वर्षं साड्यांना रोही बिचकायचा. आता मान वाकवून साडीखालून येतो आणि आईची नारिंगी साडी पाठीवर घासून जातो.

तर संध्याकाळी चुलीपाशी बाबांना सहलीचं सांगितलं. मार्चमध्ये ते आमच्याकडे येणारच आहेत. म्हटलं, मोठं रान आहे, प्राणी मोकळे असतात, आपण तिकीट काढून गाडीतून पाहायचे. कोणते प्राणी, विचारलं. मी जिराफापासून सुरुवात केली आणि यादी नीलगाईपर्यंत गेली. बाबांनी हातातली कांडी चुलीत सारली.

"रोही पाहाले तिकीट? मंग त्याइले इकडंच धाडून दे. आपल्या वावरात फुकट दाखवतो. वरून चहा पाजतो."

मग मीही चेव येऊन सगळं सांगितलं. १९२०च्या ते १९४०च्या दशकांत दक्षिण टेक्सासातल्या किंग रँच या गुरांच्या मोठ्या कुरणावर प्राणिसंग्रहालयांतले काही रोही आणून सोडले, आज ते तिथे हजारोंनी आहेत. चितळ आणि काळवीट १९३२पासून तिकडच्या टेकड्यांमध्ये. रोह्याच्या शिकारीसाठी लोक हजारांत डॉलर मोजतात, मटण हॉटेलात मिळतं. बाबा ऐकत होते, पण खरा कान टवकारला तो गोचिडाच्या गोष्टीला. तिकडच्या गुरांना गोचीडताप होऊ नये म्हणून सरकार फार वर्षांपासून झटतंय, आणि हा रोही गोचीड अंगावर घेऊन या कुरणातून त्या कुरणात जातो. कुंपण उडून नाही जात, खालून सरपटत जातो. तेही ठरलेल्या भोकातूनच. संशोधकांनी त्या भोकांपाशी आपोआप उडणारे फवारे लावून पाहिले, रोही खालून निघाला की अंगावर औषध.

"म्हंजे सायबाच्या वावरातबी खालूनच येते," बाबा म्हणाले, आणि मला वाटतं पहिल्यांदाच त्यांना अमेरिका जवळची वाटली.

मोकळ्या प्राण्यांमधून गाडी न्यायची, हे मात्र त्यांच्या गळी उतरत नाही. त्याला कारण आहे. टी-१ म्हणजे अवनी वाघीण राळेगाव तालुक्यात बोराटीजवळ २ नोव्हेंबर २०१८ला गोळी लागून मेली, ते गाव आमच्यापासून लांब नाही. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर लावले गेले होते. त्या काळात जागल बंद होती. कापूस वेचायला बाया घोळक्यानं जायच्या, दिवस कलायच्या आत घरी. पंपाला लाइट रात्रीची असली तर पाणी तसंच राहायचं. त्यामुळे बाबांचा समितीला पहिला प्रश्न: काचा वर की खाली?

दुसरा प्रश्न: तो शहामृगासारखा एमू आहे काय? असेल तर ते येणार नाहीत. २०१०च्या आसपास एमूपालनाची लाट आली होती, आठवत असेल. तेल, कातडं, मटण, अंडी, सगळ्याला भाव असं सांगून पिल्लांच्या जोड्या विकल्या गेल्या. माझ्या मावसकाकांनी जाळीचं शेड उभारून सहा जोड्या घेतल्या. अंडी मात्र देखणी, गर्द हिरवी, जणू दगडात कोरलेली. नर दीड-दोन महिने अन्नपाणी जवळपास सोडून त्यांच्यावर बसतो. विकत घेणारा मात्र कुणी आला नाही. खाद्य महाग, कर्ज उभं, शेवटी काकांनी पक्षी कुणाकुणाला देऊन टाकले. शेडमध्ये आता कडबा असतो. त्यातला एक एमू वर्षभर आमच्या गोठ्यात होता आणि त्यानं बाबांच्या पायावर लाथ मारलेली आहे. बाबांच्या हिशोबानं एक्झॉटिक प्राणी तो एकच.

आता कामाचं. मी दोन वर्षांपूर्वी तिथे जाऊन आलोय. सकाळची पहिली वेळ घ्या, ऊन चढलं की अर्धे प्राणी सावलीला जातात. प्राण्यांना घालायचं खाद्य तिथेच पिशवीत मिळतं, घरून पोळ्या, गाजरं काही न्यायचं नाही. हातातून फक्त जिराफाला, बाकीच्यांना खाली टाकायचं. पिशवी मुलांच्या हातात देऊ नका, पहिल्याच वळणावर हरणांच्या कळपात रिकामी होते आणि जिराफाशी पोचेपर्यंत रडारड. दारं उघडायची नाहीत, छतातून डोकं काढायचं नाही. कुत्रं घरी. पेट्रोल आधीच भरा.

थांबा, तुरीत काहीतरी खसफसतंय.

---

प्रेषक: खजिनदार (नागपूर, सासुरवाडी)
विषय: उत्तर: नीलगाय वगैरे

काय झालं पुढे? मी इकडे तासभर वाट पाहून राहिलो.

तोवर माझं ऐका. आम्ही काल गोरेवाड्याला जाऊन आलो. २६ जानेवारी २०२१ला सुरू झालेली इंडियन सफारी. जाळीच्या बसमध्ये बसवतात. वाघ, बिबट्या, अस्वल वेगवेगळ्या आवारात, आणि एक आवार तृणभक्ष्यांचं. तिथे बस थांबली आणि माझा ह्यूस्टनमध्ये जन्मलेला मुलगा ओरडला, "बाबा, टेक्सासची नीलगाय!" बसमधल्या काकू माझ्याकडे पाहायला लागल्या.

सहलीचा हिशोब: आत्तापर्यंत अकरा कुटुंबं, नऊ गाड्या. ज्यांनी पैसे पाठवले नाहीत त्यांना उद्यापासून मी एकेकाला वेगळा मेल करणार आहे. यवतमाळवाले, तुमचे किती धरू?

---

प्रेषक: यवतमाळवाला
विषय: उत्तर: उत्तर: नीलगाय वगैरे

रानडुकरं होती, पाच-सहा. डबा वाजवला, पळाली. रोही आले चारच्या सुमाराला, मी डुलकी काढत असताना. जाग आली ती बाबांच्या हाकाट्यानं. खोकत खोकत, डोक्याला मफलर बांधून ते घरून चालत आले होते. अंधारात बॅटरी फिरवली तर सहा डोळे हिरवे चमकले. बाबांनी दगड उचलला नाही. रोही कुठून निघतात तेवढं पाहत राहिले. मग त्या जागी जाऊन साडी वर उचलली आणि मला खालची घासलेली माती दाखवली. भोक ठरलेलं.

आज सकाळपासून ते तालुक्याला कुणाला तरी फोन करतायत, फवारणीच्या पंपाला आपोआप चालणारं बटण बसतं का म्हणून.

आमचे चार धरा: आम्ही तिघं आणि बाबा. एमू असला तर ते गाडीत बसून राहतील, काच वर. जिराफाबद्दल त्यांना काही विशेष वाटत नाही. पण शनिवारी फॉसिल रिम झालं की मुक्काम न करता दक्षिणेला किंग रँचजवळच्या किंग्जव्हिलकडे निघायचं, असं त्यांनी ठरवून टाकलंय. त्यांना ते फवारे बघायचे आहेत. डॅलसहून तो रस्ता सात तासांचा आहे आणि फवारे कुणी दाखवील की नाही याची खात्री नाही, हे मी सांगितलं. "भोक तर दिसंन," म्हणाले.

गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. कुणी सोबत येणार असेल तर कळवा.