इस्ट्रोजेन मेंदूला पक्षाघातापासून वाचवते की धोका वाढवते?

प्रश्न – जीवशास्त्र_कोथरूड

नमस्कार. मी पुण्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. आमच्या कोथरूडच्या महिला मंडळात रजोनिवृत्ती आणि मेंदूचे आरोग्य या विषयावर बोलण्याचे मी मान्य केले आहे. मात्र तयारी करताना परस्परांच्या अगदी विरुद्ध जाणारी माहिती समोर आली.

फिलिस वाइज आणि डीना दुबल या मेंदूशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अंडाशये काढलेल्या मादी उंदरांना इस्ट्राडिओलची (इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचा मुख्य प्रकार) अल्प मात्रा आधीपासून दिली आणि मग मेंदूच्या मधल्या धमनीतील रक्तप्रवाह बंद करून पक्षाघातासारखी (स्ट्रोकसारखी) स्थिती निर्माण केली, तेव्हा मेंदूचा मृत झालेला भाग लक्षणीयरीत्या लहान राहिला. पाळी सुरू असेपर्यंत स्त्रियांमध्ये पक्षाघाताचे प्रमाण समवयस्क पुरुषांपेक्षा कमी असते आणि पाळी गेल्यावर ते वाढते, हेही आपण शिकवतोच. असे असताना अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या चाचणीत इस्ट्रोजेनयुक्त हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांमध्ये पक्षाघात अधिक का आढळला? उंदरांवरील संशोधन चुकीचे होते, असे म्हणायचे का? आमच्या मंडळातील काही जणींची पिशवी चाळिशीतच काढलेली आहे, त्यामुळे “मग गोळी घ्यायची की नाही?” हा प्रश्न मला नक्की विचारला जाईल.

उत्तर १ – पाषाणचा_प्रयोगवाला

उंदरांवरील संशोधन चुकीचे नव्हते. ते प्रयोग अनेक प्रयोगशाळांत पुन्हा करून पाहिले गेले आणि निष्कर्ष टिकले. इस्ट्रोजेन रक्तवाहिन्यांच्या अस्तरात त्यांना रुंदावणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती वाढवते, दाह आटोक्यात ठेवते आणि पेशीचा नियोजित मृत्यू रोखणाऱ्या बीसीएल-२ या प्रथिनाचे प्रमाण टिकवून धरते. २००१ मध्ये दुबल आणि वाइज यांच्याच गटाने दाखवले, की अल्फा प्रकारचा इस्ट्रोजेन ग्राहक (पेशीतील इस्ट्रोजेन ओळखणारे प्रथिन) नसलेल्या उंदरांत हे संरक्षण मिळत नाही. म्हणजे परिणाम खरा आहे आणि त्याचा मार्गही बऱ्यापैकी ठाऊक आहे.

माझ्या मते, कोणताही निष्कर्ष वाचताना प्रयोगातील उंदीर कोणत्या वयाचा होता, हे आधी पाहावे. पक्षाघात हा प्रामुख्याने उतारवयातील आजार असताना बहुतेक प्रयोग तरुण, निरोगी प्राण्यांवर झाले, आणि ही उणीव या क्षेत्राने फार काळ चालवून घेतली. वाइज यांच्या गटाने २००७ मध्ये अंडाशये काढल्यानंतर लगेच इस्ट्राडिओल देणे आणि दहा आठवडे थांबून देणे यांची तुलना केली. लगेच दिलेल्या उंदरांत संरक्षण मिळाले, उशिरा दिलेल्यांत मिळाले नाही.

टेक्सास ए अँड एम विद्यापीठातील मेंदूशास्त्रज्ञ फरीदा सोहराबजी यांनी याच्याही पुढचा प्रश्न विचारला. त्यांच्या गटाने ज्यांचे ऋतुचक्र वयोमानानुसार थांबले आहे अशा मध्यमवयीन माद्या घेतल्या. अंडाशये काढून तेच इस्ट्रोजेन दिल्यावर तरुण माद्यांत मेंदूची हानी कमी झाली आणि या वयस्क माद्यांत ती वाढली! कारणाचा माग घेताना त्यांना आढळले, की वाढत्या वयाबरोबर आयजीएफ-१ या वाढ-घटकाची पातळी घसरते. वयस्क माद्यांच्या मेंदूत हा घटक बाहेरून पोहोचवल्यावर इस्ट्रोजेनमुळे होणारी हानी कमी झाली. त्यामुळे इस्ट्रोजेनचा परिणाम एकट्या इस्ट्रोजेनवर ठरत नाही, ते ज्या शरीरात जाते त्या शरीरात आणखी काय शिल्लक आहे यावरही ठरतो. आपल्या व्याख्यानात एकच प्रयोग सांगायला वेळ असेल, तर हा सांगावा.

उत्तर २ – स्त्रीरोग_सदाशिव

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. वरील विवेचन उत्तम आहे, त्यात माणसांवरील चाचण्यांची बाजू जोडते.

विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हमधील स्त्रिया ५० ते ७९ वर्षांच्या होत्या आणि त्यांचे सरासरी वय ६३ च्या आसपास होते, म्हणजे अनेकींची पाळी जाऊन दहा वर्षांहून अधिक काळ लोटला होता. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखे कृत्रिम हार्मोन) एकत्र दिलेला भाग २००२ मध्ये थांबवण्यात आला. केवळ इस्ट्रोजेनचा भाग २००४ मध्ये थांबला. त्यात गर्भाशय काढलेल्या १०,७३९ स्त्रिया होत्या आणि पक्षाघाताचा धोका ३९ टक्क्यांनी वाढलेला दिसला. हा आकडा ऐकून श्रोत्या घाबरतील, म्हणून त्याचा अर्थही सांगावा: दहा हजार स्त्रियांनी एक वर्ष गोळी घेतली, तर पक्षाघाताच्या सुमारे १२ घटना अधिक. शिवाय ते औषध घोडीच्या मूत्रापासून काढलेल्या इस्ट्रोजेनांचे मिश्रण होते, उंदरांना दिलेले शुद्ध इस्ट्राडिओल नव्हते.

तथापि सगळा दोष औषधाच्या प्रकारावर ढकलता येत नाही. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘वेस्ट’ चाचणीत आधीच पक्षाघात किंवा त्याचा सौम्य झटका येऊन गेलेल्या ६६४ स्त्रियांपैकी निम्म्या जणींना शुद्ध इस्ट्राडिओलच दिले होते. त्यांचे सरासरी वय ७१ होते. दुसरा झटका टळला नाही, उलट जीवघेण्या पक्षाघातांचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत अधिक निघाले. तोंडावाटे घेतलेले इस्ट्रोजेन प्रथम यकृतात पोहोचते आणि तिथे रक्त गोठवणाऱ्या घटकांची निर्मिती वाढवते. त्वचेवर लावायच्या पट्टीत हा टप्पा टळतो. २०१० मध्ये ब्रिटनमधील नोंदींच्या आधारे झालेल्या अभ्यासात कमी मात्रेच्या पट्ट्यांशी पक्षाघाताचा वाढीव धोका जोडलेला आढळला नाही, मात्र अधिक मात्रेच्या पट्ट्यांत तो आढळला. तो निरीक्षणावर आधारित अभ्यास होता, औषध देऊन तुलना करणारी चाचणी नव्हती, हे विसरू नये.

आपल्या मैत्रिणींना सांगायचे ते एवढेच, की अंगातून वाफा येणे, रात्री घामाने झोप मोडणे यांसाठी हार्मोन उपचार योग्य स्त्रीला, योग्य वयात आणि तपासणीनंतर देता येतात. केवळ मेंदूच्या रक्षणासाठी मी ते कोणालाही लिहून देत नाही.

उत्तर ३ – आकडेमोड_औंध

एक सावधगिरीची सूचना. ‘लवकर सुरू केले तर फायदा, उशिरा केले तर तोटा’ हे सूत्र इतके आकर्षक आहे, की ते सिद्ध झाल्यासारखे सांगितले जाते. विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हच्या माहितीचे २००७ मध्ये वयानुसार पुन्हा विश्लेषण झाले. हृदयविकाराच्या बाबतीत या सूत्राकडे झुकणारा कल दिसला, परंतु पक्षाघाताच्या धोक्यात पाळी जाऊन किती वर्षे झाली यानुसार फरक आढळला नाही. पन्नाशीतील स्त्रीला एकूण धोकाच कमी असल्याने प्रत्यक्ष वाढ थोडी दिसते, इतकेच. २०१६ च्या ‘एलिट’ चाचणीत पाळी गेल्यावर सहा वर्षांच्या आत इस्ट्राडिओल सुरू केलेल्यांत मानेतील धमनीची भिंत जाड होण्याचा, म्हणजे धमनीविकार वाढण्याचा, वेग मंदावला. तिथेही स्मरणशक्ती आणि आकलन यांत लाभ दिसला नाही. उंदरांत सापडलेली संधीची खिडकी माणसाच्या पक्षाघाताला लागू पडते, असे आज म्हणता येणार नाही.

जीवशास्त्र_कोथरूड

तिघांचेही मनापासून आभार. उत्तर २ लिहिणाऱ्या डॉक्टरांना आणखी एक विचारायचे आहे. चाळिशीत पिशवी काढलेल्या स्त्रियांनाही हाच नियम लावायचा का? बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला होता आणि त्यावर चौकशी समितीही नेमली गेली होती, त्यामुळे हा प्रश्न केवळ आमच्या मंडळापुरता नाही.

स्त्रीरोग_सदाशिव

नाही, त्यांचा विचार वेगळा करावा लागतो. पन्नाशीनंतर हार्मोन वाढवणे आणि चाळिशीत अचानक गेलेले हार्मोन भरून काढणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या २००७ मधील अभ्यासात नैसर्गिक रजोनिवृत्तीपूर्वी अंडाशये काढलेल्या स्त्रियांमध्ये पुढे स्मृतिभ्रंश आणि आकलनातील घट यांचा धोका अधिक आढळला, आणि शस्त्रक्रियेचे वय जितके कमी तितका तो अधिक होता. म्हणूनच अशा स्त्रियांना, स्तनाच्या कर्करोगासारखी अडचण नसेल तर, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या सर्वसाधारण वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावे, अशी शिफारस केली जाते.

मात्र त्याआधी एक गोष्ट तपासून घ्यायला सांगा. आपल्याकडे ‘पिशवी काढली’ एवढेच बोलले जाते आणि अंडाशये ठेवली की काढली, हे अनेकींना ठाऊकच नसते. अंडाशये ठेवली असतील तर पाळी थांबली तरी इस्ट्रोजेन तयार होत राहते आणि गोळीचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. रुग्णालयातून घरी सोडताना मिळालेल्या कागदावर किंवा काढलेल्या अवयवांच्या तपासणी अहवालात हे लिहिलेले असते. कागद हरवले असतील, तर सोनोग्राफी आणि रक्ततपासणी यांवरून डॉक्टरांना बराच अंदाज येतो.