अ जीवनसत्त्व रताळ्याच्या रंगावर आहे

रताळं चांगलं की बटाटा, या चर्चेत कुणीतरी लिहिलंय की रताळ्यात अ जीवनसत्त्व भरपूर, बटाटा म्हणजे नुसता स्टार्च. अर्धंच पटलं. ते अ जीवनसत्त्व येतं बीटा-कॅरोटीन या केशरी रंगद्रव्यातून, आणि ते रंगद्रव्य असतं आतून केशरी असलेल्या रताळ्यात. महाशिवरात्रीला आमच्या परभणीच्या बाजारात ढीग लागतात ते बहुतेक लाल सालीच्या, आतून पांढऱ्या रताळ्यांचे. त्यात ते फारच कमी. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेने ‘भू सोना’ नावाचं केशरी वाण काढलंय, पण आमच्याकडे ते अजून दिसलं नाही. बाकी १०० ग्रॅम कच्च्या बटाट्यात साधारण ७७ कॅलरी, रताळ्यात ८६. पोटॅशियम बटाट्यातच जास्त. तंतू मात्र रताळ्यात जास्त, हे खरं.

शुगरवाल्यांनी आणखी एक बघावं. चुलीच्या आरात रताळं हळूहळू भाजताना स्टार्चची माल्टोज साखर होते, म्हणून तर ते एवढं गोड लागतं (मला तसंच आवडतं, काय करणार!). उकडलेल्याच्या मानाने भाजलेलं रक्तातली साखर लवकर चढवतं. आणि उपवासाला त्यावर गुळाचा पाक ओतल्यावर बटाट्याशी तुलना कशाला करायची?