अनुभव धागा: दारू सोडताना डॉक्टरची, माणसांची मदत कशी घेतलीत?

गटारी जवळ आली की मला हा विषय काढावासा वाटतो. आपल्याकडे श्रावण पाळायचा म्हणून कितीतरी माणसं आदल्या रात्री पोटभर पितात आणि दुसऱ्या दिवसापासून एकदम बंद. महिन्यातून दोनदा बसणाऱ्याला त्याने काही होत नाही. पण ज्याला सकाळी उठल्या उठल्या लागते, त्याने कोणाला न विचारता एकदम बंद केली तर जिवावर बेतू शकतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं म्हणून मी सांगतोय, आणि तुम्हीही सांगा. खरं नाव, पत्ता काही लिहू नका, फक्त मदत कुठून कशी मिळाली ते लिहा.

माझ्यापासून सुरू करतो. भोसरीत वर्कशॉप, वय ४७, दारू सुटून ३ वर्षं ४ महिने. मी १४ वर्षं श्रावण पाळला आणि दरवर्षी बायकोला तेच ऐकवलं, बघ, महिनाभर शिवत नाही, मग मी दारुडा कसा? सुरुवातीला खरंच सुटायची. पुढे पुढे पहिले चार दिवस हात कापायचे, घाम यायचा, झोप नाही, आणि मी म्हणायचो उपवासाचं पित्त झालंय. शेवटच्या वर्षी मी दिवसाला खंब्याच्या जवळपास गेलो होतो. अमावास्येला रात्री थांबवली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चहाचा कप हातातून पडला आणि मला फिट आली. घरच्यांनी कांदा हुंगवला, चप्पल नाकाला लावली. शुद्धीवर आलो तसं मीच म्हणालो उन्हाने झालं असेल (श्रावणात!) आणि घरीच राहिलो. तिसऱ्या रात्री भिंतीवरून मुंग्यांच्या रांगा येताना दिसायला लागल्या, अंगावरून झटकत बसलो, मुलीला ओळखलं नाही. भावाने रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी भावाला जे सांगितलं ते त्याला पाठ आहे. रोज पिणाऱ्याच्या मेंदूला दारूची सवय झालेली असते, ती एकदम काढली की मेंदू खवळतो, फिट बहुतेक पहिल्या दोन दिवसांत येते आणि भास, बरळणं, ताप हे दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास. यात माणूस दगावू शकतो. मला गोळ्यांनी शांत ठेवलं, दर तासा-दोन तासाला बीपी आणि नाडी बघत होते, बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली, आणि त्या गोळ्या मग आठवडाभरात कमी करत बंद केल्या. त्यांनी सांगितलेलं एक वाक्य मला फार उशिरा कळलं. हे फक्त अंगातली दारू काढणं झालं, सोडणं अजून सुरूच झालेलं नाही.

सोडणं सुरू झालं ते पुण्यात मुक्तांगणला. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचटांनी १९८६ साली सुरू केलेलं केंद्र, तिथे ३५ दिवस राहिलो. योगासनं, श्रमदान, गटात बसून बोलणं. समोर बसलेला समुपदेशक स्वतः कधीतरी माझ्याच जागी बसलेला होता, त्यामुळे मला थापा मारता येईनात. बाहेर आल्यावर फॉलोअपला जात राहिलो आणि एएच्या (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचाच गट) मीटिंगा धरल्या. त्या मी अजून सोडलेल्या नाहीत.

---

कराडजवळचं गाव. मी पिणाऱ्याची बायको. खरं ते लिहिते, कारण माझ्यासारखं अजून कोणीतरी आत्ता करत असेल. भिंतीवर जाहिरात असते ना, पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा, तसली पावडर आधी दोन वर्षं आणली, पैसे गेले, काही झालं नाही. मग एकीने गोळीचं नाव दिलं, ती मेडिकलमधून मिळवली आणि आमटीत कुटून घालायला लागले. ह्यांना काहीच माहीत नाही. पाचव्या दिवशी हे पिऊन आले आणि अर्ध्या तासात तोंड लालबुंद, छातीत धडधड, उलट्यांवर उलट्या, मग हातपाय गार पडले, बीपी लागेना. ह्यांना वाटलं दारूत काहीतरी भेसळ होती, आणि मी जीपमध्ये शेजारी बसून ह्यांचा हात धरून रडत होते पण तोंड उघडत नव्हते. दवाखान्याच्या दारात सांगितलं. डॉक्टर ओरडले नाहीत. म्हणाले, आता बोललात म्हणून बरं झालं.

त्यांनीच समजावलं की ती गोळी खरी आहे, डायसल्फिराम, पण ती माणसाला सांगून, त्याच्या मर्जीने, लिव्हर आणि हृदय तपासून द्यायची असते, आणि बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत दारूवर रिअॅक्शन येऊ शकते. नकळत दिली तर ते औषध राहात नाही.

हे चार दिवसांनी बोलते झाले तेव्हा मी ह्यांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, एवढी टेकीला आलीस का गं? त्यानंतर आम्ही दोघं मिळून सायकियाट्रिस्टकडे गेलो. आता तीच गोळी हे रोज सकाळी माझ्यासमोर स्वतः घेतात. मी आठवड्याला अल-अॅनॉनला जाते, ते पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असतं. तिथे पहिल्यांदा ऐकलं की ह्यांचं पिणं माझ्यामुळे सुरू झालं नाही. सासूबाई तर १६ वर्षं मला तेच सांगत होत्या.

---

ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, थोडक्यात लिहिते, नाइट आहे. रोज किती पिता आणि शेवटची कधी घेतली, हे दोन प्रश्न आले की खरं सांगा हो. लोक क्वार्टरची नाइंटी करून सांगतात, बायको शेजारी असली की अजून कमी, आणि आम्ही गोळीचा डोस त्यावर ठरवतो. आधी कधी फिट आली असेल तर ते न विचारता सांगा. आणि नातेवाईक येतात ते म्हणतात अशक्तपणा आहे, सलाईन लावा. जास्त पिणाऱ्यांच्या अंगात बी-वन फार कमी असतं, ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते, म्हणून आधी ते इंजेक्शन. चालताना झोक जातोय, डोळे नीट फिरत नाहीत, बोलण्यात गोंधळ आहे, तर उतरली नाही अजून म्हणून झोपवून ठेवू नका, घेऊन या.

---

ठाणे. बाई आहे आणि मी प्यायचे. बँकेत नोकरी, दोन मुलं, आणि रात्री ओटा आवरून झाला की वोडका, पाण्याच्या बाटलीत. वास येत नाही असं मला वाटायचं. नवऱ्याला माहीत होतं, तोही गप्प होता कारण हे बोलायचं कोणाशी? पुरुष प्यायला तर लोक हळहळतात, बाई प्यायली की तिच्या आईपर्यंत जातात.

मी पहिल्यांदा १४४१६ ला फोन केला, टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, रात्री दीड वाजता बाथरूममधून. मराठीत बोलता आलं हे फार मोठं होतं, इंग्रजीत मी ऑफिससारखं बोलले असते. त्या बाईंनी नाव विचारून झाल्यावर पहिलं विचारलं, आत्ता सुरक्षित आहात ना? मी रडले नुसती. मग त्यांनीच डॉक्टरकडे जायचं सुचवलं. माझी फिटची हिस्टरी नव्हती, घरी लक्ष ठेवायला माणूस होतं, म्हणून अॅडमिट न होता ओपीडीतूनच झालं. आधी लिव्हरच्या टेस्ट केल्या, पुढे नालट्रेक्सोन दिलं. ज्यांना औषध घेणं म्हणजे कमकुवतपणा वाटतो त्यांना सांगते, त्या गोळीने माझी इच्छा मेली नाही पण डोक्यातला सततचा गोंगाट कमी झाला आणि त्या शांततेत मला कौन्सिलरचं बोलणं ऐकू यायला लागलं. ज्यांना राहून उपचार हवेत त्या बायकांसाठी मुक्तांगणचा निशिगंध म्हणून वेगळा विभाग आहे. मला आधी कळलं असतं तर कदाचित तिकडेच गेले असते. २६ महिने झाले. आईला अजून सांगितलेलं नाही.

---

वडिलांसाठी लिहितोय, विदर्भातला आहे. आम्ही त्यांना एका सेंटरला टाकलं, गाडी येऊन घेऊन गेली, तीन महिने भेटू दिलं नाही, फोन नाही. परत आले तर पाठीवर वळ होते आन् डॉक्टर एकदाही आला नव्हता. बाबा दारूपेक्षा आता आमालेच भेतात. पैसे भरायच्या आधी विचारा भाऊ, डॉक्टर कोण, किती वेळा येतो, भेटता येते का, लायसन दाखवा. मेंटल हेल्थकेअर अॅक्ट २०१७ मध्ये दारूचं व्यसनही येते, मारहाण झाली तर तक्रार करता येते. आमाले हे नंतर कळलं. आता जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत नेतो, मी सोबत बसतो, परत टाकणार नाही असं त्यांना कबूल केलंय.

---

कोल्हापूर, ड्रायव्हर. सोडून ११ महिने झालेले, मेव्हण्याच्या हळदीला स्लिप झालो. एक घोट म्हणून घेतली ती पाच दिवस. पुन्हा एएच्या मीटिंगला जायला लई लाज वाटली, दाराबाहेर वीसेक मिनिटं उभा होतो, शाळेच्या वर्गात भरते आमची मीटिंग, आतून आवाज येतोय. एक म्हातारे गृहस्थ चहा घेऊन बाहेर आले, कायबी विचारलं न्हाई, कप दिला आणि म्हणाले चल. आत गेल्यावर नाव सांगितलं आणि म्हणालो आज पहिला दिवस. टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी. फी नाही, जात-धर्म नाही, सोडायची इच्छा एवढंच लागतं. आता परत ७ महिने, आणि डॉक्टरला स्लिप झाल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी औषध बदलून दिलं, ते लपवलं असतं तर काय उपयोग.

---

विचारायचं होतं. माझा धाकटा भाऊ रोज तीन क्वार्टर पितो, सकाळची एक धरून. आई म्हणतेय श्रावण लागला की खोलीत कोंडू, चार दिवस ओरडेल मग शांत होईल. करू का?

---

(भोसरी) नको. अजिबात नको, वर वाचा माझं काय झालं ते. कोंडू नका आणि आजच्या आज बंदही करायला लावू नका. त्याच्याशी तो शुद्धीत असताना बोला, सकाळी सरकारी दवाखान्यात मानसोपचार ओपीडीला न्या, रोज पितो आणि सकाळीही लागते हे पहिल्या वाक्यात सांगा. जवळचं केंद्र माहीत नसेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट. फिट आली किंवा बरळायला लागला तर ओपीडीची वाट बघू नका, १०८ ला फोन करा. आईला हा धागा वाचून दाखवा.

---

आईला वाचून दाखवला. कराडच्या ताईंचं वाचताना तिने मला थांबवलं. भावाला विचारलं तर म्हणाला फिट येते का खरंच, मला वाटायचं मलाच असं होतं. म्हणजे त्याला आधी येऊन गेलीये आणि आम्हाला माहीतच नाही.

आत्ता केसपेपर काढलाय. आमच्या पुढे नऊजण आहेत. त्याचा हात थरथरतोय म्हणून आईने धरून ठेवलाय.