पूर, धरणे आणि वीज : विधिमंडळाची कायमची समिती हवी की नको?

हरिपूर रस्ता, सांगली (मूळ टिपण)

पूर, हवामानबदल, वीज आणि जंगल या विषयांवर विधिमंडळाची कायमची देखरेख समिती असावी, असे अलीकडे जो तो बोलतो. माझा या कल्पनेला स्पष्ट विरोध आहे. हे विषय जलशास्त्र आणि अभियांत्रिकी जाणणाऱ्यांचे आहेत. आमदारांची समिती म्हणजे दौरा, भत्ता, विश्रामगृहातले जेवण आणि दोन वर्षांनी एक अहवाल. सांगलीला आणखी एक समिती नको आहे, कृष्णेवर खालच्या अंगाला कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणाची उंची रोखणारा माणूस हवा आहे.

निवृत्त शाखा अभियंता, मिरज

आपले टिपण दोनदा वाचले आणि उत्तर दिल्याशिवाय राहवेना. तज्ज्ञांवर सोडा असे आपण म्हणता, पण गेली वीस वर्षे आपण तेच करीत आलो आहोत. २००५ च्या महापुरानंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, २०१९ च्या महापुरानंतर पुन्हा त्यांच्याच अध्यक्षतेखाली नेमली गेली आणि दुसऱ्या समितीने २०२० मध्ये अहवाल दिला. म्हणजे तज्ज्ञांनी त्यांचे काम केले. त्या अहवालातली एकेक शिफारस हातात घेऊन, संबंधित सचिवाला समोर बसवून, हे झाले का आणि झाले नसेल तर का नाही, हे विचारण्याचे काम कोणी केले, एवढेच मला विचारायचे आहे.

सभागृहात तारांकित प्रश्न येतो आणि त्याला दोन ओळींचे उत्तर मिळते. लक्षवेधीवर मंत्री आश्वासन देतात आणि ते विधिमंडळाच्या आश्वासन समितीकडे जाते. लोकलेखा समिती महालेखापरीक्षकांच्या अहवालावर काम करते, म्हणजे पैसा खर्च होऊन गेल्यावर. खर्चाच्या आधी, धोरण ठरत असताना आणि पाऊस सुरू होण्यापूर्वी कागद मागवणारी जागा कोणती? संसदेत १९९३ पासून खातेनिहाय स्थायी समित्या आहेत, आज त्यांची संख्या २४ आहे, आणि विज्ञान, पर्यावरण व हवामानबदल यांसाठी त्यांतली एक आहे. केरळच्या विधानसभेत तर १९८० पासून विषय समित्या आहेत. त्या खात्याच्या मागण्या तपासतात, अधिकाऱ्यांना बोलावतात आणि साक्षी घेतात.

आमदार-खासदारांना विज्ञान कळत नाही हा आपला आक्षेप जुनाच आहे. जनुकबदल केलेल्या पिकांचा प्रश्न संसदेच्या कृषी समितीकडे होता तेव्हा तिचे सदस्य विदर्भातल्या कापूस उत्पादकांच्या गावांत जाऊन बसले आणि २०१२ मध्ये सर्व पक्षांच्या सदस्यांनी मिळून एकमताचा अहवाल दिला. विज्ञान कळण्यासाठी शास्त्रज्ञ असावेच लागते असे नाही, नेमके प्रश्न विचारता यावे लागतात आणि उत्तर मिळेपर्यंत उठायचे नाही एवढी चिकाटी लागते.

आणखी एक आठवण करून देतो. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५ मध्ये झाला, तेव्हा शेती, उद्योग आणि पिण्याचे पाणी यांची वाटणी ठरवण्याचा अधिकार प्राधिकरणाकडे होता. २०११ मध्ये दुरुस्ती होऊन तो मंत्रिमंडळाकडे गेला. एवढा मोठा बदल एखाद्या विषय समितीपुढे आधी गेला असता, तर निदान आपल्यासारख्यांना लेखी म्हणणे मांडता आले असते.

हरिपूर रस्ता, सांगली

सर, आपण दिलेले उदाहरणच आपल्याविरुद्ध जाते. त्या २०१२ च्या अहवालावर अनेक कृषिशास्त्रज्ञांनी कडाडून टीका केली होती. एकमत झाले म्हणून ते शास्त्रीय ठरत नाही. माझा मुख्य मुद्दा तर आपण टाळलाच आहे. नदीकाठी बांधकामे कोणाची आहेत, वाळूचे ठेके कोणाच्या माणसांकडे आहेत, साखर कारखाने कोणाच्या ताब्यात आहेत? ज्यांच्यावर देखरेख ठेवायची, त्यांच्याच हाती देखरेख द्यायची हे मला पटणे शक्य नाही.

आमची हळद हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीत खणलेल्या कोठारांत असायची. बाहेरच्यांना सांगून पटत नाही, पण वीस-पंचवीस फूट खोल, आतून कडबा लावलेल्या त्या पेवांत हळद वर्षानुवर्षे कोरडी राहायची, कीड म्हणून लागायची नाही. २००५ ला पाणी शिरले. पाणी ओसरल्यावर वडिलांनी एका पेवाचे तोंड उघडले आणि आत वाकून पाहिल्यावर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. वर आलेला तो आंबूस, कुजका वास मला आजही हळदीच्या वासाआधी आठवतो. तेव्हापासून मी एकच गोष्ट विचारतो आहे, की खाली पाणी अडले नसते तर वर एवढे चढले असते का? कृष्णा पाणीवाटपाच्या ब्रिजेशकुमार लवादाने २०१० मध्ये अलमट्टीची पातळी ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास मान्यता दिली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये त्या निवाड्याची राजपत्रातली प्रसिद्धी थांबवली म्हणून आपण आज श्वास घेतो आहोत. हे काम न्यायालयात लढणाऱ्यांचे आहे, समितीचे नव्हे.

जत पूर्व भाग

दोघांचीही क्षमा मागून लिहितो. सांगलीतली कोणतीही चर्चा शेवटी अलमट्टीवर येऊन थांबते. तुमच्याकडे आठ दिवस पाणी जास्त होते, आमच्याकडे दहा महिने ते नसते. कालव्याचे काम आमच्या शिवारापर्यंत येऊन थांबले, तेव्हा माझी डाळिंबाची चारशे झाडे टँकरच्या पाण्यावर होती. दुसऱ्या वर्षी ती मीच कुऱ्हाडीने तोडली. एका कार्यालयात सलग तीन वर्षे "पुढच्या आवर्तनात पाणी येईल" हे एकच उत्तर ऐकले.

टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजना विजेवर चालतात. वीजबिलाचे ८१ टक्के सरकार आणि १९ टक्के लाभधारक असे सूत्र ठरलेले आहे, पण बिल थकले की पंप बंद आणि पंप बंद की पीक गेले, हे आम्ही कितीतरी वेळा पाहिले. हा विषय ऊर्जा खात्याचा, की जलसंपदा खात्याचा, की वित्त खात्याचा? तिन्ही खात्यांना एका टेबलावर बसवणारी जागा नाही, म्हणून माझा या समितीला पाठिंबा आहे. पुराचे पाणी दुष्काळी भागात वळवण्याच्या घोषणेचा हिशेबही तिथेच विचारता येईल.

निवृत्त शाखा अभियंता, मिरज

जतच्या दादांनी माझ्यापेक्षा नेमके लिहिले. तरीही अलमट्टीचा विषय निघालाच आहे, तर तो अर्धवट सोडता येत नाही.

सांगली शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५४९ मीटरवर आहे आणि अलमट्टीची पातळी ५१९.६० मीटर आहे, म्हणून विषय संपला, असे मी म्हणत नाही. असे म्हणणारे चूक करतात, कारण नदीचा तळ शहरापेक्षा बराच खाली आहे आणि वाहत्या नदीत फुगवट्याची, म्हणजे धरणामुळे मागे तुंबलेल्या पाण्याची, रेषा आडवी नसते, ती वरच्या अंगाला चढत जाते. प्रश्न एवढाच असतो की तो चढ किती अंतरापर्यंत टिकतो. त्याचे उत्तर कृष्णेवरच्या हिप्परगी, राजापूर बंधारा, अंकली आणि सांगलीतला आयर्विन पूल येथल्या एकाच वेळच्या पातळ्या शेजारी शेजारी ठेवून काढावे लागते. २०१९ ला कोयनेचा आणि वारणेचा विसर्ग एकाच वेळी सुरू होता, वारणा हरिपूरच्या संगमावर येऊन मिळत होती आणि पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा तुंबली होती. वडनेरे समितीने अलमट्टीला सांगलीच्या पुराचे कारण मानले नाही, अतिवृष्टी आणि पूरक्षेत्रातली अतिक्रमणे यांवर बोट ठेवले. आयर्विनची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखून ठेवल्यावर त्या रेषांच्या आत घरे कशी उभी राहिली, हा प्रश्न कर्नाटकला विचारता येत नाही. तो आपल्यालाच विचारावा लागेल.

हरिपूर रस्ता, सांगली

म्हणजे आमचीच चूक, असेच ना? निळ्या रेषेत घर बांधणाऱ्याला परवानगी कोणी दिली, नळ कोणी दिला, घरपट्टी कोणी घेतली? सर, आपण ज्या व्यवस्थेत आयुष्य काढले त्या व्यवस्थेने नकाशे कपाटात ठेवले आणि आता आपण आम्हाला रेषा शिकवता, याचा मला मनापासून संताप येतो. २०१९ ला आम्ही तीन दिवस गच्चीवर होतो. माझी आई त्या तीन दिवसांत एकच गोष्ट विचारत होती, "पाणी किती पायऱ्या वर आले?" जिन्याच्या पायऱ्या मोजणाऱ्या माणसाला मीटरचे आकडे ऐकवू नका. आणि त्याच समितीचा निष्कर्ष अंतिम का मानायचा? त्या निष्कर्षामागची आकडेवारी सगळ्यांसमोर मांडून कोणी तपासली आहे का?

निवृत्त शाखा अभियंता, मिरज

आपला संताप मला लागला, आणि नकाशांबाबत तो रास्त आहे. मी सेवेत असताना ते नकाशे मागणाऱ्याला सहज मिळत नसत, हे मी कबूल करतो आणि त्याचे मला दुःख आहे. पण आपले शेवटचे वाक्य पुन्हा वाचा. आकडेवारी सगळ्यांसमोर तपासली जावी, हीच तर माझी मागणी आहे.

कोयनाकाठ, पाटण

आपण दोघे तज्ज्ञ आणि आमदार यांच्यातच निवड करता आहात, म्हणून लिहितो. धरणात गेलेल्या जमिनीचे आजोबांचे कागद आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत आहेत. घड्यांवर ते इतके विरले आहेत की उलगडताना खाली वर्तमानपत्र धरावे लागते. १०५.२५ टीएमसीचे (अब्ज घनफुटांचे) कोयना धरण आमच्या उशाला आहे, आधीच्या बच्छावत लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवण्यास मान्यता दिली आहे, ते वीज करून वाशिष्ठीला जाते आणि आमच्या वाड्यावस्त्या उन्हाळ्यात झऱ्यावर रांग लावतात.

आता पश्चिम घाटाचे पाहा. घाटाच्या संरक्षणासाठी नेमलेल्या माधव गाडगीळ यांच्या समितीने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला, तो लोकांसमोर आला मे २०१२ मध्ये, तोही माहिती आयोगाच्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर. हा अहवाल ग्रामसभांपुढे त्यांच्या भाषेत मांडावा, असे गाडगीळ स्वतः सांगत होते. तसे झाले नाही. आमच्याकडे पोहोचली ती अफवा, की घराला कौल घालायलासुद्धा परवानगी लागेल. पुढे कस्तुरीरंगन समिती झाली आणि २०१४ पासून पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा मसुद्यामागून मसुदा निघत राहिला, सहावा जुलै २०२४ मध्ये आला. त्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर आहेत. अहवाल दडवला सरकारने, विधिमंडळानेही तो ग्रामसभेपर्यंत आणला नाही. आता घाटमाथ्यावर उदंचन जलविद्युत प्रकल्पांची (पाणी पंपाने वर चढवून पुन्हा खाली सोडताना वीज करणाऱ्या) चर्चा आहे आणि आम्हाला कळते ते मोजणीचे लोक आल्यावर. समिती मुंबईत बसणार असेल तर माझा विरोध आहे. ती तालुक्याच्या गावी बसून ग्रामसभांच्या ठरावांना लेखी उत्तर देणार असेल, तरच पुढे बोलू.

शिक्षिका, वाई

पाटणच्या दादांची अट मला या धाग्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ मध्ये पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झाला, तेव्हा मी तिथल्या शाळेत होते. नियमांचे मराठी पत्रक आमच्या पालकांपैकी कोणाच्या हाती पडलेले मी पाहिले नाही. पुढे नवीन महाबळेश्वर या गिरिस्थान प्रकल्पासाठी २३५ गावांचा विषय निघाला, तेव्हाही लोक एकमेकांना तेच विचारत होते, की यात आमचे गाव आहे का. मात्र आमदारांचे हितसंबंध असतात हा हरिपूरच्या काकांचा आक्षेप कोणीच खोडलेला नाही. सुनावणी खुली असावी आणि ज्या सदस्याचा त्या विषयात व्यवसाय असेल त्याने त्या दिवशी बसू नये, हे नियमातच लिहावे लागेल.

हरिपूर रस्ता, सांगली

ताईंनी लिहिलेली अट घातली जाणार असेल आणि पाटणकरांच्या म्हणण्याप्रमाणे सुनावणी तालुक्याला होणार असेल, तर माझ्या मूळ टिपणातले "समिती नको" हे शब्द मी मागे घेतो. भत्त्याबद्दल लिहिले ते मागे घेत नाही. फुगवट्याबद्दलही माझे मत बदललेले नाही. सर, आपण सांगितलेल्या चार ठिकाणांच्या २००५, २०१९ आणि २०२१ च्या पातळ्या तासागणिक मिळाल्या, तर मी त्या स्वतः वहीत शेजारी शेजारी उतरवून पाहीन. माहिती अधिकाराचा अर्ज मी सोमवारी देतो. कोणत्या विभागाकडे द्यायचा आणि त्यात नेमके काय मागायचे, ते आपण लिहून पाठवा.